मालकासाठी मोकळी सोडलेली गाडी

(दृश्य: कॅलिफोर्नियातलं मोठं पार्किंग. ओळीने उभ्या दोन दारांच्या गाड्या.)

या ओळीतली प्रत्येक गाडी टोयोटाची सायन टीसीच आहे. लाल गाडी इतकी खाली बसवली आहे की चाकाच्या कमानीत बोटही शिरणार नाही. शेजारच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट काळ्या कार्बन फायबरचं. पलीकडच्या राखाडी गाडीची चाकंच निराळी. टोयोटाला नेमकं हेच हवं होतं.

टोयोटा म्हणजे आईवडिलांची गाडी, असं अमेरिकेतल्या तरुणांच्या मनात बसलं होतं. म्हणून 2003 मध्ये कंपनीने कॅलिफोर्नियात सायन हा वेगळा ब्रँड उभा केला. आधी एक्सए आणि चौकोनी एक्सबी या गाड्या आल्या. टीसी आली पुढच्या वर्षी, जून 2004 मध्ये.

(दृश्य: गाडीच्या आतून. काचेचं छत सरकतं.)

स्वस्त गाडी घेणाऱ्याला प्रत्येक सोयीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. इथे सुमारे साडेसोळा हजार डॉलरांत हे काचेचं छत, 17 इंची अलॉय चाकं, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पायोनियरची म्युझिक सिस्टीम मिळत होती. हे परवडलं, कारण सांगाडा टोयोटाच्याच, युरोपात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅव्हेन्सिसचा होता आणि 2.4 लिटरचं इंजिन कॅमरीतलं. दोन्ही आधीच तयार होते. बांधणी जपानमध्ये, त्सुत्सुमीच्या कारखान्यात.

विकण्याची तऱ्हाही तितकीच सरळ होती. एकच व्हेरिएंट. गिअर मॅन्युअल हवा की ऑटोमॅटिक, आणि रंग कोणता, एवढंच ठरवायचं. शोरूममध्ये पाटीवर लिहिलेली किंमत हीच खरी किंमत, घासाघीस नाही. आयुष्यातली पहिली गाडी घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला याचा किती आधार वाटला असेल! मग पुढ्यात यायची अ‍ॅक्सेसरीजची यादी: स्पॉयलर, स्प्रिंग, सायलेन्सर, चाकं. जे निवडाल ते डीलरच बसवून द्यायचा आणि त्याचा खर्च गाडीच्या कर्जातच धरता यायचा.

(दृश्य: वर्कशॉप. बॉनेट उघडं. पाना फिरतो.)

हा त्या यादीतला सगळ्यात मोठा भाग, सुपरचार्जर. शंखासारख्या वळलेल्या या धातूच्या कवचात एक पंखा आहे. इंजिनाच्याच फिरण्यावर पट्टा चालतो आणि पट्ट्यावर हा पंखा. तो बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. हवा वाढली की पेट्रोलही त्याच हिशोबाने वाढवावं लागतं, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरची मांडणी बदलायची. एवढं झालं की 160 हॉर्सपॉवरची गाडी 200 ची होते. हे किट टोयोटाच्याच रेसिंग विभागाचं, टीआरडीचं. डीलरकडे बसवलं तर वॉरंटी कायम राहायची. जे काम पोरं वॉरंटीवर पाणी सोडून बाहेरच्या गॅरेजात करून घ्यायची, ते शोरूमच्या लिफ्टवर होऊ लागलं. कमी पैशातल्या हौसेला एखाद्या मोठ्या कंपनीने इतका मान दिल्याची उदाहरणं फार नाहीत.

(दृश्य: फॉर्म्युला ड्रिफ्ट. टायरचा धूर.)

टीसी पुढच्या चाकांवर चालते आणि ड्रिफ्टला, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळवण्याच्या खेळाला, मागची चाकं फिरावी लागतात. पापाडाकिस रेसिंग या संघाने गाडीचा सगळा कारभारच उलटा केला, जोर मागच्या चाकांना दिला. नॉर्वेचा फ्रेडरिक ओस्बो या गाडीवर फॉर्म्युला ड्रिफ्ट या अमेरिकेतल्या स्पर्धेचा 2015 चा विजेता ठरला. नीट पाहा, या धुरातही ओळखू येतो तो टीसीचाच बाह्याकार.

(दृश्य: दुसऱ्या पिढीची टीसी, हायवेवर.)

2006 मध्ये अमेरिकेत 79 हजारांवर टीसी विकल्या गेल्या. टोयोटाच्या म्हणण्यानुसार हिच्या ग्राहकाचं सरासरी वय 29, म्हणजे साऱ्या उद्योगात सर्वात कमी. पुढे काही इंजिनं तेल खाऊ लागली, मंदी आली, तरुणांचे खिसे रिकामे झाले. 2010 मध्ये 180 हॉर्सपॉवरची दुसरी पिढी आली, पण आधीचे आकडे परत आले नाहीत. फेब्रुवारी 2016 मध्ये टोयोटाने सायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतर काही मॉडेलना टोयोटाचा बिल्ला मिळाला, टीसीला नाही.

(दृश्य: पुन्हा वर्कशॉप. जुनी टीसी लिफ्टवर.)

इंजिन कॅमरीचं असल्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. ही गाडी वापरलेली घेतली आहे. आज स्प्रिंग बदलल्या जातायत, सुपरचार्जरचे पैसे अजून जमायचे आहेत.