उत्तर येतं, पण कोणत्या प्रश्नाचं?

नमस्कार. जीआयएस म्हणजे जागेची माहिती नकाशासकट सांभाळणारी संगणकप्रणाली. तिच्या वर्गात पहिले काही तास नकाशा रंगवण्यातच जातात. त्यात गैर काही नाही, पण ही प्रणाली जन्माला आली ती प्रश्न विचारण्यासाठी. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडातल्या जमिनींच्या नोंदींसाठी संगणकप्रणाली उभी केली. मातीचा, जंगलाचा, जमीनवापराचा असे नकाशे एकावर एक ठेवून हाताने क्षेत्रफळं मोजत बसणं एवढ्या मोठ्या देशाला परवडणारं नव्हतं. म्हणून आज नकाशा बाजूला ठेवू आणि क्वेरीबद्दल, म्हणजे माहितीला विचारलेल्या प्रश्नाबद्दल, बोलू. त्यातही सॉफ्टवेअर जिथे लाल अक्षरांत काहीच सांगत नाही आणि निमूटपणे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं, त्या जागांबद्दल.

समजा, तुमच्याकडे शाळांचा लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, आहे. प्रत्येक शाळा म्हणजे एक बिंदू, आणि त्यामागे टेबलात एक ओळ: प्रकार, स्थापना वर्ष, पटसंख्या. तुम्हाला तीनशेहून जास्त पट असलेल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा हव्या आहेत. तुम्ही लिहिता: प्रकार प्राथमिक ऑर प्रकार माध्यमिक अँड पटसंख्या तीनशेहून जास्त. क्वेरी चालते, बिंदू पिवळे होतात. पण एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, ‘अँड’ आधी सोडवला जातो, ‘ऑर’ नंतर. त्यामुळे पटाची अट फक्त माध्यमिक शाळांना लागली आणि प्राथमिक शाळा सरसकट सगळ्या आल्या, वीस मुलांचीसुद्धा. ‘ऑर’च्या दोन्ही बाजू कंसात घातल्या की काम झालं. ‘अँड’ आणि ‘ऑर’ एकाच ओळीत आले की डोळे मिटून कंस टाकावा, असं माझं मत आहे. नियम पाठ असला तरी.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. तीनशेहून जास्त पट असलेल्या शाळा मोजा, मग तीनशे किंवा त्याहून कमी पट असलेल्या मोजा. बेरीज एकूण शाळांइतकी यायला हवी ना? पुष्कळदा येत नाही. ज्या शाळेचा पट भरलेलाच नाही, तिथे ‘नल’ आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. माहीत नसलेली संख्या तीनशेहून मोठी आहे का? माहीत नाही. लहान आहे का? तेही माहीत नाही. आणि क्वेरी फक्त ‘हो’ म्हणणाऱ्या ओळी उचलते, त्यामुळे ती शाळा दोन्हीकडून गळते. नल शोधायला ‘इज नल’ असंच लिहावं लागतं, बरोबरचं चिन्ह चालत नाही. याच्या उलटा प्रकारही आहे. कुणीतरी रिकाम्या जागी उणे ९९९९ भरून ठेवलेलं असतं आणि तुमच्या ‘कमी पटाच्या’ यादीत त्या शाळा पहिल्या नंबरावर झळकतात.

हे झालं टेबलाचं. खरी मजा जागेच्या प्रश्नात आहे. ‘आत’, ‘शेजारी’, ‘जवळ’ हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि कुणाचं काही अडत नाही. संगणकाचं मात्र अडतं.

‘आत’ घ्या. कोणत्याही पॉलिगॉनचे, म्हणजे नकाशावरच्या बंद आकृतीचे, तीन भाग धरतात: अंतर्भाग, सीमा आणि बाहेरचा भाग. दोन आकृत्यांचे हे तीन-तीन भाग एकमेकांशी ताडून पाहिले की नऊ चौकटींचा तक्ता होतो, आणि ‘आत आहे’, ‘स्पर्श करतो’, ‘छेदतो’ ही सगळी नाती त्या तक्त्यातून ठरतात. आता शाळेचा बिंदू बरोबर सीमारेषेवर पडला तर? पोस्टजीआयएस म्हणजे डेटाबेसला जागेचे प्रश्न विचारता यावेत म्हणून जोडलेलं सॉफ्टवेअर. त्यातलं ‘कंटेन्स’ म्हणेल, आत नाही. ‘कव्हर्स’ म्हणेल, आहे. ‘इंटरसेक्ट्स’ही हो म्हणेल, पण ते शेजारच्या पॉलिगॉनसाठीही हो म्हणेल, आणि तीच शाळा दोन्ही विभागांच्या गणतीत येईल. यातलं कुठलंही उत्तर चूक नाही. सीमेवरची शाळा कुणाची, हे तुम्ही ठरवायचं होतं, ते ठरवलं नाहीत.

‘शेजारी’ तर त्याहून नाजूक. ‘टच’ या नात्याला सीमा भिडलेल्या लागतात आणि अंतर्भाग मुळीच एकमेकांत घुसलेले चालत नाहीत. दोन पॉलिगॉन वेगवेगळ्या वेळी आखले असतील आणि मध्ये केसाएवढी फट राहिली असेल, तर ते शेजारी नाहीत. केसाएवढे एकमेकांवर चढले असतील, तरीही नाहीत. स्क्रीनवर मात्र एकच रेघ दिसते.

रस्त्यांच्या लांबीत आणखी एक गोम आहे. विभागाला छेदणारे रस्ते निवडले आणि लांबीची बेरीज केली, तर विभागात जेमतेम दोन किलोमीटर असलेला चाळीस किलोमीटरचा रस्ता पूर्ण चाळीस धरला जातो. निवड म्हणजे कापणं नव्हे. आधी क्लिप किंवा इंटरसेक्शन करून तुकडे पाडा, लांबी नव्याने काढा, मग बेरीज.

आता ‘जवळ’. नदीपासून पाचशे मीटरच्या आतल्या शाळा. लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये असेल, म्हणजे अक्षांश-रेखांशात, तर तुमचे पाचशे हे पाचशे अंश झाले. अख्खी पृथ्वी निवडली जाते. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती मला फारशी धोक्याची वाटत नाही. धोक्याचा आहे तो वेब मर्केटर, म्हणजे पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची एक पद्धत. ऑनलाइन नकाशे बहुधा त्यात असतात, त्याचं एकक मीटर लिहिलेलं असतं, माणूस निर्धास्त होतो. पण त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तशी अंतरं ताणली जातात. ६० अक्षांशावर ती दुप्पट होतात, म्हणजे तुमचे पाचशे मीटर जमिनीवर अडीचशेच भरतात. आकडा पटण्यासारखा येतो आणि कुणाला शंकाही येत नाही. त्या भागाचा यूटीएम झोन, म्हणजे त्या पट्ट्यापुरती मीटरमधली सपाट मांडणी, घ्या, किंवा पोस्टजीआयएसमध्ये गोल पृथ्वीवर अंतर मोजणारा ‘जिऑग्राफी’ प्रकार वापरा.

वेगाबद्दल थोडक्यात. अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आर-ट्री या रचनेवर बहुतेक स्पेशियल इंडेक्स, म्हणजे जागेवरून पटकन शोधायच्या सूच्या, बेतलेले आहेत. आधी फक्त आकृत्यांच्या भोवतालच्या चौकटी ताडायच्या, उरलेल्यांचाच बारीक हिशोब करायचा. क्वेरी तासभर रेंगाळत असेल तर पहिली शंका इंडेक्सवर घ्या.

मघाशी एकीने विचारलं, बफर, म्हणजे भोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा, काढून त्यातले बिंदू निवडावेत की अंतराची अट थेट लिहावी? जमेल तिथे थेट लिहा. बिंदूभोवतीचा बफर गोल दिसतो, पण तो सरळ रेषांचा बहुकोन असतो. क्यूजीआयएस हे जीआयएस सॉफ्टवेअर मुळात पाव वर्तुळाला पाच रेषा देतं, म्हणजे वीस बाजू, आणि त्यांचे कोपरेच तेवढे वर्तुळावर असतात. प्रत्येक बाजूच्या मध्याशी पाचशे मीटरचा बफर साधारण सहा मीटर आत येतो. त्या सहा मीटरांत एखादी शाळा असली तर ती गेलीच. बफरच हवा असेल, तर हा पाचाचा आकडा वाढवा. तिथेच सेगमेंट्सची चौकट आहे. पोस्टजीआयएसमध्ये अंतराची अट ‘एसटी-डीविदिन’ने लिहा. त्याला इंडेक्सचाही उपयोग होतो. ‘एसटी-डिस्टन्स पाचशेहून कमी’ असं लिहिलंत तर उत्तर जवळपास तेच येईल, पण प्रत्येक जोडीचं अंतर मोजत बसून.