जखम भरत का नाही?

(दृश्य : ड्रेसिंगची खोली. जुनी पट्टी सोडवली जात आहे.)

निमित्त चप्पल चावल्याचं. कधी चावली, ते मधुमेही पेशंटला सांगता येत नाही, कारण तळपायाची जाणीवच गेली आहे. घरच्यांना कळलं ते चादरीवर डाग दिसला तेव्हा. सिस्टर सलाइनने भिजवलेला गॉज सावकाश सोडवतात. जखमेच्या कडा जाड, पांढुरक्या. मध्ये पिवळट थर. वास नाही, तेवढंच समाधान.

शुगर असली की जखम चिघळते, हे घराघरांत माहीत आहे. का, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, 'रक्तातली साखर जंतूंना आयती मिळते.' हे उत्तर अर्धवट आहे. नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी पडतो, आणि ज्यांनी जखम सावरायची त्या पांढऱ्या पेशीच बिथरलेल्या असतात.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल. केंद्रकाचे तीन-चार लोंबते तुकडे.)

न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. जखम झाली की काही तासांत त्या पोचतात आणि जंतू गिळतात. त्यांची आणखी एक तऱ्हा बर्लिनच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवली. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात जंतू अडकवतात. मागोमाग येतात मॅक्रोफेज, म्हणजे दुसऱ्या भक्षक पेशी. ते आधी दाह (सूज, लाली, आग) भडकवतात आणि काही दिवसांनी रंग बदलून डागडुजीला लागतात.

साखर चढलेली असली की हा क्रम मोडतो. न्यूट्रोफिल जंतूंपर्यंत पोचायला आणि त्यांना गिळायला कमी पडतात, जाळी मात्र उगाचच टाकत सुटतात. बोस्टनमध्ये 2015 साली मधुमेही उंदरांच्या जखमा तपासल्या, तर त्या या जाळ्यांनी भरलेल्या होत्या. जाळी विरघळवणारं एन्झाइम दिल्यावर जखमा लवकर भरल्या. मॅक्रोफेजही दाहातच अडकून राहतात, दुरुस्तीकडे वळतच नाहीत. म्हणजे मधुमेहात प्रतिकारशक्ती नुसती 'कमी' होत नाही. ती कामाला कमी आणि आरडाओरड्याला जास्त, अशी होते.

स्नायूंना जेवणानंतरची साखर आत घ्यायला इन्शुलिन लागतं, पांढऱ्या पेशींचं त्यावाचून फारसं अडत नाही. म्हणून रक्तात साखर चढली की ती त्यांच्यातही शिरते. शिवाय जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच तर मोजतात. काही प्रथिनं अशी साखरेने बरबटून पार बदलून जातात, पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टरना) जाऊन भिडतात आणि आतून दाहाची रसायनं सुटतात.

आता खरा पेच. न्यूट्रोफिलचं आयुष्य जेमतेम एखाद्या दिवसाचं. मग शुगर आटोक्यात आली की थोड्याच दिवसांत नव्या, शांत पेशींचं राज्य यायला हवं. तसं होत नाही.

(दृश्य : जुने आलेख.)

अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात टाइप 1 मधुमेहाच्या 1441 जणांवर अभ्यास झाला. एका गटाची शुगर काटेकोर सांभाळली, दुसऱ्याची त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखी झाली. तरीही पुढे कितीतरी वर्षं डोळे, मूत्रपिंड आणि हृदयाचं नुकसान दुसऱ्या गटात जास्त दिसत राहिलं.

यामागचा एक धागा 2021 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हाती लागला. मधुमेही उंदरांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर, शुगर नॉर्मल असलेल्या उंदरांत घातली. नव्या घरी साखर जास्त नव्हती, तरी त्या मज्जेतून आलेल्या पेशी तापटच निघाल्या आणि रक्तवाहिन्यांत चरबीचे थर वाढले. पेशी मरतात, पण त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींच्या डीएनएभोवतीची बांधणी बदललेली राहते.

मग हा दाहच औषधाने दाबला तर? तेही करून पाहिलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्यांतल्या साधारण चाळीस टक्क्यांना मधुमेह होता. दाहाचा इंटरल्युकिन-1 बीटा हा एकच रासायनिक निरोप अडवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. तीन डोसांपैकी मधल्याने झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. मधुमेह नव्याने होण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही. आणि जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकांनी हृदयविकारासाठी या इंजेक्शनला मंजुरी नाकारली.