दुधाच्या थैलीचा कोपरा

(दृश्य : पहाट. दांडिया बाजारात टेम्पोतून दुधाचे क्रेट उतरतायत.)

बडोद्यात अजून उजाडायचंय. दुकानाच्या पायरीवर क्रेट आदळतात आणि थंड थैल्यांचं पाणी ओघळायला लागतं. आमच्या घरात दुधाची पिशवी कुणी म्हणत नाही, थैलीच म्हणतात. 'दोन थैल्या ठेव' असं ओरडून सांगितलं की आमची सकाळ सुरू.

(दृश्य : लहान मुलाच्या हातात छोटी थैली.)

ही थैली मात्र दुकानात मिळायची नाही. 200 मिलीची, गुजरात सरकारच्या दूध संजीवनी योजनेतली. आदिवासी तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत ती जाते. आत गोड, सुवासिक दूध, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं घातलेली. पैसे सरकार भरतं. या मुलाचे हात बघा. तो कात्री शोधत नाही. कोपरा दातांत धरतो, एक हिसका देतो आणि थैली चपटी होईपर्यंत मान वर करत नाही.

सरकारनं हा खर्च का करावा? सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये ते सगळ्या बडोदे संस्थानात लागू केलं. कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेला हा राजा. पण मूल वर्गात बसलंच पाहिजे असं राज्यानं म्हटलं, की ते उपाशी बसलंय का, हेही राज्यालाच बघावं लागतं. योगायोग असा, की त्याच 1906 साली ब्रिटनच्या पार्लमेंटनं कायदा करून शाळकरी मुलांना जेवण देण्याची वाट मोकळी केली. तिथंही शाळा आधी सक्तीची झाली होती, उपाशी पोरं नंतर नजरेत भरली. 1946 साली तिथल्या शाळांत 18 वर्षांखालच्या सगळ्यांना दूध मोफत झालं. रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे साधारण 190 मिली. जवळपास आपली थैलीच.

ते टिकलं नाही. 1968 मध्ये माध्यमिक शाळांतलं दूध गेलं. 1971 मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सातपेक्षा मोठ्या मुलांचंही गेलं. कारण एकच, खर्च.

युरोपात 1977 पासून शाळेच्या दुधाला अनुदान मिळू लागलं, तेव्हा तिथं दूध-लोणी खपेनासं झालं होतं. शेतकऱ्याचा माल उठावा आणि पोराच्या पोटात दूध जावं, यात मला वावगं काही वाटत नाही. भीती वेगळीच आहे. दूध उरलं म्हणून शाळेत आलं, तर ते महागल्यावर पहिली थैली शाळेचीच कापली जाईल. म्हणून हे अनुदान मुलाच्या नावावर मांडलेलं हवं, उरलेल्या दुधाच्या नावावर नको.

(दृश्य : शाळेचा ओटा. बाकीची मुलं वर्गात परततायत.)

ही मुलगी अजून इथंच आहे. अर्धी थैली संपवून तिनं कोपऱ्याला पीळ घातलाय आणि तो मुठीत घट्ट धरलाय. बाई जवळ येतात. उन्हात नासेल गं, इथंच पिऊन टाक, म्हणतात. त्यांचं खरं आहे. दुपारी सुट्टी होईपर्यंत हे दूध टिकायचं नाही, आणि ते तिच्याच वाट्याचं आहे.

मुलगी मान खाली घालून सांगते, घरी आजी आहे.

बाई तिच्या शेजारी ओट्यावर बसतात. पीळ हळूहळू सुटतो.