थेंबाचा माग : जुन्या पोर्शे ९४४ ची गळती

(दृश्य : गाडीखालून ओढून काढलेला पांढरा पुठ्ठा. त्यावर चार डाग.)

रात्रभर गाडीखाली अंथरलेला हा पुठ्ठा. एक डाग काळपट, एक लालसर, एक हिरवट. चौथ्याला रंग असा नाहीच. पुठ्ठा सरकवण्याआधी त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून ठेवल्या होत्या, त्यामुळे कोणता डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला हे सांगता येतं. थेंब कुठे पडला, एवढंच यातून कळतं. तो निघाला कुठून, हे शोधायचं अजून बाकी आहे.

(दृश्य : गाडी समोरून. बोनेट उघडतं.)

पोर्शे ९४४. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली. सुरुवातीच्या गाड्यांत पुढे २४७९ सीसीचं, एका बाजूला कललेलं चार सिलिंडरचं इंजिन, आणि गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांजवळ. दोन्हींना जोडणारी एक जाड नळी, तिच्या आत फिरणारा शाफ्ट. वजन दोन्ही टोकांना वाटलं जावं म्हणून केलेली ही मांडणी. गळती शोधताना ती किती उपयोगी पडते, ते थोड्या वेळात दिसेलच.

या मालिकेतल्या शेवटच्या गाडीनेही आता तिशी ओलांडली आहे. उष्णतेने रबर कडक होतं, जोडांमधल्या रबरी ओ-रिंग चपट्या होतात आणि फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या सीलची कड पकड सोडते. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत तर सील सुकतातही. म्हणून कमी धावलेली जुनी गाडी कमी गळेल, हा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

(दृश्य : पांढऱ्या कागदी रुमालावर एकेक थेंब टिपला जातो.)

आधी ओळख पटवायची. काळपट ते इंजिन ऑइल. लाल आणि पातळ ते पॉवर स्टिअरिंगचं. हिरवट, गोडसर वासाचं ते कूलंट. ते विषारी असतं आणि त्याच्या गोडीने जनावरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसायचं. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. बिनरंगी थेंब मात्र फसवतो. एसीचं पाणी असेल तर चिंता नाही, पण ते ब्रेक ऑइल असू शकतं. बोटांना गुळगुळीत लागलं आणि पाण्यात टाकल्यावर मिसळून गेलं, तर ब्रेक ऑइलच. हे रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं.

(दृश्य : इंजिनाचा खालचा भाग, चिकट काळ्या थराने माखलेला.)

इथे बहुतेक जण घाई करतात. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, ओलं दिसलं की चेंबरचं पॅकिंग मागवतात. पण तेल खाली उतरतं, आणि गाडी धावताना वारा ते मागेही ढकलतो. वरून आलेलं तेल शेवटी चेंबरवरच येऊन थांबतं. या गाडीत चेंबर काढायचं तर इंजिनाला वरून आधार देऊन खालचा आडवा आधार, क्रॉसमेंबर, उतरवावा लागतो. एवढं सगळं करून गळती तशीच राहिली, तर कष्ट फुकट.

म्हणून आधी धुवायचं. अल्टरनेटर आणि विजेचे जोड झाकून, डिग्रीझरने, ब्रशने, धातूचा मूळ रंग दिसेपर्यंत. मग थोडं चालवायचं आणि पक्क्या स्टँडवर गाडी घेऊन खालून पाहायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. ओलावा दिसला की त्याच्या वर पाहायचं, मग आणखी वर, आणखी पुढे. जिथे वरचा भाग कोरडा आणि खालचा ओला, तिथे उगम. गळती अगदी मंद असेल तर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवतात, त्यावर तेलाची वाट उमटते. किंवा ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात. काळोख्या इंजिनात एक पिवळी-हिरवी रेघ उजळते. तिचं वरचं टोक गाठायचं.

(दृश्य : टायमिंग बेल्टचं कव्हर निघतं.)

या इंजिनाचा पुढचा भाग सगळ्यात नाजूक. क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टचं सील इथे, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं इथे, आणि थरथर कमी करण्यासाठी बसवलेल्या दोन बॅलन्स शाफ्टचीही इथेच. त्यांच्या शेजारून दोन रबरी पट्टे फिरतात. एखादं सील पाझरलं की तेल पट्ट्यावर येतं, आणि तेलाने भिजलेलं रबर लवकर खराब होतं. त्यातला टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, म्हणजे तिथलं कूलंटही त्याच ठिकाणी घात करणार. जमिनीवर दिवसाला एकच थेंब पडत असेल, तरी तो या कव्हरखालून येत असेल तर गाडी चालवणं थांबवलंच पाहिजे. आणि एवढं उघडलंच आहे, तर एकच सील बदलून बंद करू नये. तिथली सगळी सील, पंप आणि पट्टे एकदमच नवे घालावेत.

(दृश्य : इंजिनाच्या मागे, क्लचच्या आवरणाखालून, म्हणजे बेल हाउसिंगखालून, लोंबणारा थेंब.)

आता ती मांडणी कामी येते. नेहमीच्या गाडीत इथे थेंब दिसला तर इंजिन ऑइल की गिअर ऑइल, असा प्रश्न पडतो. ९४४ मध्ये गिअरबॉक्स इथे नाहीच. उरतात दोन शक्यता : इंजिन ऑइल, किंवा क्लच दाबणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं ब्रेक ऑइल. पाण्यात मिसळतं का, एवढ्याने निकाल लागतो. क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात, म्हणून टाकीची पातळी उतरत असेल तर पेडलखालचा गालिचाही हाताने चाचपून पाहावा. पेडलने दाबला जाणारा क्लचचा मास्टर सिलिंडर गळला, तर ऑइल गाडीच्या आतच पडू शकतं आणि पुठ्ठ्यावर काहीच दिसत नाही.

इंजिन ऑइल निघालं, तरी क्रँकच्या मागच्या सीलला लगेच दोषी ठरवू नये. वरच्या कॅम हाउसिंगच्या पॅकिंगमधून ओघळलेलं तेलही इंजिनाच्या पाठीवरून इथेच पोचतं. शिवाय क्रँकभोवतीच्या पोकळीतली, क्रँककेसमधली, वाफ बाहेर नेणारी नळी तुंबली असेल, तर आत दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं. ती नळी तपासायला काही मिनिटं पुरतात. मागच्या सीलपर्यंत पोचायला मात्र क्लच उतरवावा लागतो.

(दृश्य : कूलंटच्या टाकीचं झाकण उघडतं. आत फिकट तपकिरी साय.)

एक गळती जमिनीवर कधीच येत नाही. टर्बो नसलेल्या ९४४ मध्ये ऑइल थंड करायला कूलंट वापरलं जातं. त्या कूलरची सील गेली की इंजिन चालू असताना जास्त दाबाचं ऑइल कूलंटमध्ये शिरतं. अशी साय दिसली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेलं असं म्हणून हेड उतरवायची घाई होते. आधी कूलरची सील पाहावीत. ते काम पुष्कळ लहान आहे.

(दृश्य : पुन्हा खालून इंजिन, दिव्याचा झोत एकेका नळीवरून सरकतो.)

सगळं एका दमात दुरुस्त होत नाही, व्हायला हवं असंही नाही. पेट्रोलचा नुसता वास आला तरी गाडी सुरू करू नये. कडक झालेल्या नळीतून उडालेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायला वेळ लागत नाही. ब्रेक ऑइलची गळतीही तशीच, तिला मुदत नाही. त्यानंतर टायमिंग कव्हर, मग कूलंट. पॉवर स्टिअरिंगचा लाल ओघळ क्लॅम्प बदलून थांबतो का, ते आधी पाहावं. आणि चेंबरच्या कडेला नुसता घामासारखा ओलावा असेल, पुठ्ठा कोरडा राहत असेल, तर दर महिन्याला ऑइलची पातळी पाहत गाडी खुशाल चालवावी. पुढे कधी क्रॉसमेंबर उतरेल, तेव्हा ते पॅकिंगही बदलून घ्यावं.