पिंजऱ्याखालचा ट्रे

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरी ससा आहे आणि पशुवैद्य मात्र पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, अशांसाठी आजचे हे बोलणे आहे.

आमच्या सशाच्या पिंजऱ्याखाली पत्र्याचा एक ट्रे असतो. एका पावसाळी सकाळी तो झाडायला घेतला, तेव्हा नेहमीच्या वाटाण्याएवढ्या गोल लेंड्यांऐवजी मिऱ्यांसारखे काळे, कोरडे दाणे दिसले आणि त्यांतले काही तर केसांत ओवल्यासारखे एकमेकांना लोंबत होते. रात्रीची कोथिंबीर तशीच सुकलेली होती आणि ससा कोपऱ्यात अंग आखडून, दात करकर वाजवत बसला होता. गारठ्याने मलूल झाला असेल, असे म्हणून मी दुपारपर्यंत थांबले, आणि तिथेच चुकले.

सशाचे आतडे सतत हलते राहावे लागते. त्यासाठी तंतुमय गवत पोटात जात राहिले पाहिजे. ते थांबले की आतडे मंदावते, वायू धरतो, दुखू लागते आणि दुखते म्हणून ससा आणखीच खात नाही. त्याला उलटीही होत नाही. दहा-बारा तास अन्न आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर ती तातडीची वेळ समजावी.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पहिले काम उबेचे. सशाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. कान गार लागत असतील आणि अंग ढिले पडले असेल, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवावी, मात्र त्याला बाजूला सरकता येईल इतकी जागा सोडावी. उन्हाळ्यात धाप लागली असेल तर उलट सावलीत नेऊन कान ओल्या फडक्याने पुसावेत. बादलीत बुडवू नये. पोट ढोलासारखे ताणले असेल तर जबरदस्तीने काहीही भरवू नये. पोट मऊ असेल आणि ससा गिळत असेल, तरच सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, एकेक मिलिलिटर पाणी द्यावे. सरळ घशात सोडलेले पाणी फुप्फुसात जाते.

घरातल्या गोळ्या मात्र देऊ नयेत. अमॉक्सिसिलीन हे जंतुनाशक औषध (अँटिबायोटिक) तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्याच येतात, त्यामुळे हे औषध लिहून दिले गेले तर नम्रपणे विचारून घ्यायला संकोच करू नये.

फोन करताना, मग तो दवाखान्याला असो की पशुपालकांसाठीच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर, सशाचे वजन, शेवटचे कधी खाल्ले आणि शेवटची लेंडी कधी पडली, एवढे तयार ठेवावे. त्या दिवशी मला यातले एकही सांगता आले नव्हते. ससा वाचला, आता पिंजऱ्याच्या खिळ्याला एक वही टांगलेली असते, आणि ट्रे झाडण्याआधी मी तिच्यात लिहिते.