ओला फणस, कोरडा वाडगा

(दृश्य: अंगणात आडवा पडलेला फणस. करवतीचा आवाज.)

आधी ओंडक्याच्या तोंडाकडे बघा. कापून दोनच दिवस झालेत आणि मधल्या ठिपक्यापासून बारीक चिरा फुटायला लागल्यात. नखाएवढ्याच आहेत अजून. पण हा ओंडका आठवडाभर असाच उन्हात राहिला, तर त्या वीतभर आत जातील आणि हे लाकूड चुलीशिवाय कुठेच उपयोगाचं राहणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. एरवीही पावसाळी वाऱ्याने कुठे ना कुठे फणस पडतोच. पडलेल्या झाडाचं कातकाम करायचं, म्हणजे लेथ या फिरत्या यंत्रावर लाकूड कातून वाडगा काढायचा, तर पहिल्या दोन दिवसांत घाई करायची आणि पुढचे सहा महिने अजिबात करायची नाही. उभं झाड तोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. फणस, आंबा, चिंच, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आधी परवानगी, मग करवत.

कातकाम म्हटलं की कोकणात सावंतवाडीची चितारआळी आठवते. पण तिथली खेळणी पारंपरिकरीत्या पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाची. फणसाची जात निराळी. पूर्वी घरोघरी भाकरीचं पीठ मळायला लाकडी काठवट असायची, वाकसाने तासून केलेली. आजचा वाडगा तिचाच नातेवाईक, फक्त लेथवर फिरून आलेला.

(दृश्य: ओंडका उभा चिरला जातो. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं.)

हा पिवळा रंग लाकडातल्या मोरिन नावाच्या द्रव्याचा. थायलंडमधले अरण्यवासी भिक्खू फणसाच्या ढलप्या उकळून चीवरं रंगवतात, ती याच रंगात. सालीतला चीक मात्र करवतीच्या दात्यांत बसतो. पातं रॉकेलच्या फडक्याने पुसत राहायचं, आणि हाताला खोबरेल. फणस फोडताना लावतो तसंच.

दहा इंची वाडग्यासाठी ओंडका अकरा इंच लांब घ्यायचा आणि मधल्या ठिपक्यातून उभा चिरायचा. दोन्ही फाळक्यांवरून मधला इंचभर भाग काढून टाकायचा. इथे लाकूड वाया जातंय म्हणून जीव हळहळतो, पण ठिपका वाडग्यात राहिला तर चीर तिथूनच पडणार. मग फाळकं गोल कापायचं. वाडग्याच्या तोंडाच्या बाजूला फेसप्लेट (लाकूड लेथला जोडणारी तबकडी), चार दणकट स्क्रू, आणि बुडाला टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा, टेकू.

लेथचा वेग किती? व्यासाचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार सहा ते नऊ हजारांत राहावा. म्हणजे दहा इंचांना सहाशे ते नऊशे. वेडंवाकडं, तोल नसलेलं फाळकं असेल तर त्याहूनही खाली सुरुवात करायची, आणि लेथ चालू करताना समोर उभं राहायचं नाही.

बाहेरचा आकार बुडाकडून काठाकडे कातायचा, आतला काठाकडून मध्याकडे. गौजची (कातायच्या पन्हळी हत्याराची) पाठ, म्हणजे धारेमागचा उतार, आधी लाकडाला टेकते, मग हत्यार किंचित वळवलं की धार लागते. पाठ न टेकता टोक घुसवलं तर हत्यार हबकतं. काठ फुटतो किंवा अख्खा वाडगा चकातून, म्हणजे लेथच्या पकडीतून, उडतो. बुडाला अडीच इंचांची गोल खुंटी ठेवायची, ती चकात धरून आतून पोखरायचं. आणि भिंत? व्यासाच्या दहाव्या भागाइतकी. दहा इंचांना एक इंच. सगळीकडे एकसारखी, बुडालासुद्धा. बूड जाड राहिलं तर भिंत आधी वाळते, बूड ओलंच राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत वाडगा तडकतो.

इंचभर जाडी कशाला? वाळताना लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ आटत नाही, आडव्या अंगाला आटतं. गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो. त्याला पुन्हा गोल करायचा तर तेवढं मांस अंगावर हवं.

आता कोकणातली खरी अडचण. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते. अशा हवेत लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी वजनाच्या अठरा-वीस टक्के पाणी धरून बसतं. तोच वाडगा एप्रिलात पुण्याला नेला, की तिथल्या कोरड्या हवेत ते सहा-सात टक्क्यांवर उतरू पाहतं. पावसाळ्यात पूर्ण केलेलं भांडं घाटावर जाऊन वाकतं किंवा तडकतं ते यामुळे. दोष कारागिराच्या हाताचा नाही, त्याच्या कॅलेंडरचा.

म्हणून कच्च्या वाडग्याच्या ज्या दोन बाजूंना रेषांची टोकं उघडी पडतात, तिथे वितळलेलं मेण लावायचं. मग तो कागदी पिशवीत किंवा गोणपाटात, सावलीत, जमिनीपासून वर. प्लास्टिकमध्ये नको, तीन-चार दिवसांत काळी बुरशी धरते. चुलीवरच्या माळ्यावरही नको. खालची बाजू आधी वाळते आणि वरची मागे राहते. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर आठवड्याला तोलायचं. दीड किलोच्या आसपासचा वाडगा किलोच्या जवळ येऊन रेंगाळतो. सलग तीन आठवडे काटा हलला नाही की समजायचं, इथल्या हवेपुरता तो वाळला. घाटावर जायचा असेल तर त्यानंतर दोन-तीन आठवडे बंद पेटीत, चाळीस वॅटच्या बल्बसोबत, आणि पुन्हा रोजच्या रोज वजन.

(दृश्य: दुसरं कातणं. लांब, पातळ ढलप्या.)

वाळलेला वाडगा पुन्हा चकात येतो. यावेळी भिंत सहा मिलिमीटरवर आणायची, फक्त काठाखाली तीन सेंटिमीटरची पट्टी दहा मिलिमीटर जाड सोडायची. नक्षी तिच्यावर.

पाकळ्यांसाठी कंपास त्रिज्येएवढा उघडून काठावर फिरवला की बरोबर सहा खुणा पडतात. त्या अर्ध्या केल्या की बारा. खोली तीन मिलिमीटर, जास्त नाही. आधी इंग्रजी व्हीसारख्या तोंडाच्या पटाशीने बाह्यरेषा, मग गोल पटाशीने पोट.

इथे कॅमेरा जवळ आणू. एकाच वाडग्यावर एकाच फेरीत रेषेची दिशा चार वेळा पालटते. या पाकळीत पटाशी लोण्यातून जावी तशी गेली, पुढच्या पाकळीत तशीच ढकलली तर टवका उडतो. नियम सोपा आहे: रेषा जिथे पट्टीला समांतर धावतात तिथून, टोकं उघडी पडतात त्या बाजूकडे पटाशी न्यायची. पुढच्या चतकोरात हात बदलायचा किंवा वाडगा फिरवायचा. लेथला हात बदलता येत नाही, म्हणून तर समोरासमोरच्या दोन चतकोरांत कातकाम नेहमी खरबरीत राहतं. तिथे नवी धार लावून अगदी हलका हात, मगच पॉलिशपेपर. १२० पासून ४०० पर्यंत, मध्ये नंबर न गाळता, आणि तोंडाला मास्क. पेपर दाबून धरला तर लाकूड तापतं आणि टोकांच्या बाजूला केसासारख्या चिरा पडतात.

शेवटचा हात कशाचा? खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं. पावसाळी दमट दिवशी लाखेचं पॉलिश पांढरट पडतं. जवसाचं तेल उत्तम: पातळ हात, वीस मिनिटांनी कोरडं पुसून, दुसरा हात दुसऱ्या दिवशी, असे तीन-चार. पुसलेलं फडकं दोरीवर पसरून टाका. चुरगळून कोपऱ्यात ठेवलं तर वाळता वाळता तापतं आणि पेट घेऊ शकतं.

नवा वाडगा पिवळाधमक दिसतो. उजेडाने तो मधाच्या आणि मग गुळाच्या रंगावर जातो. पहिलं वर्षभर खिडकीजवळ असेल तर आठवड्याला थोडा फिरवत राहा, नाहीतर एक बाजू गुळाची होते आणि दुसरी हळदीचीच राहते.