चार वाजताची मीटिंग आणि टस्कनचा कोच

नमस्कार मंडळी. आज मॅचबद्दल फारसं बोलणार नाहीये हे आधीच सांगतो, कारण मॅच संपल्यावर जे सुरू होतं तेच मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉल, ते हेल्मेटवालं. ज्यांची भाचरं-पुतणी तिकडे मिशिगनला नाहीतर पेन स्टेटला एमएस करतायत त्यांना माहीत असेल की शनिवारी ती फोन उचलत नाहीत. कॉलेजची टीम म्हणून आपल्या इंटरकॉलेजिएटसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका, अ‍ॅलाबामाच्या स्टेडियममध्ये एक लाख माणूस बसतं, म्हणजे आपलं वानखेडे तीनदा भरेल एवढं, आणि बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस कोण तर स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. गव्हर्नर नाही, कुलगुरू तर नाहीच नाही.

आता कोच बदलतात यात नवीन काय, कोच सगळीकडेच बदलतात. पण इथे एक कोच बदलला की तो एकटा बदलत नाही. 10 जानेवारी 2024, बुधवार. टस्कलूसा, अ‍ॅलाबामा. निक सेबन, इथल्या युनिव्हर्सिटीचा हेड कोच, वय 72, सात नॅशनल टायटल्स, त्यातली सहा अ‍ॅलाबामाला आणि एक त्याआधी एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला. नऊ दिवसांपूर्वीच रोज बोलमध्ये, म्हणजे नॅशनल चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलमध्ये, मिशिगनकडून हरलेला. त्या दिवशी सकाळपासून हा माणूस नवीन असिस्टंट घेण्यासाठी इंटरव्ह्यू घेत होता, म्हणजे पुढच्या वर्षाची तयारी चालू होती, आणि चार वाजता टीम मीटिंग ठरलेली. नंतर त्यानेच सांगितलं की चारला पाच मिनिटं कमी असताना मी घड्याळाकडे बघत बसलो होतो आणि अजून ठरवलं नव्हतं. मग उठला, मीटिंगला गेला आणि पोरांना सांगितलं की मी रिटायर होतोय.

अ‍ॅलाबामाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे खेळविभागाच्या प्रमुखाने, ग्रेग बर्नने, पोरांकडे 72 तास मागितले. म्हणजे बाबांनो 72 तास कुठे जाऊ नका, मी कोच आणतो. का मागितले ते पुढे सांगतो. शुक्रवारी कोच आला, केलन डीबोर, सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा. हा डीबोर सोमवारी नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल खेळून हरलेला होता, सोमवारी फायनल आणि शुक्रवारी दुसऱ्या गावचा कोच! अ‍ॅलाबामाने त्याला सोडवायला वॉशिंग्टनला सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर मोजले. आता सिएटलला कोच नाही. रविवारी त्यांनी अ‍ॅरिझोनाचा जेड फिश उचलला. आता टस्कनला, म्हणजे अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीच्या गावाला, कोच नाही. मंगळवारी त्यांनी सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन आणला. सॅन होजेने त्याच महिन्यात केन निउमाटालोलोला घेतलं, जो नेव्हीच्या, म्हणजे नौदल अकादमीच्या टीमचा जुना हेड कोच आणि तेव्हा यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीच्या, स्टाफवर होता. हा अक्षरशः संगीत खुर्चीचा खेळ आहे, फक्त इथे गाणं कुणी दुसराच बंद करतो आणि खुर्चीत बसलेल्यालाही उठून पळावं लागतं.

टस्कनवाल्यांचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांच्याकडे फिश आला तेव्हा पहिल्या वर्षी, 2021 ला, टीम 1-11, म्हणजे एक मॅच जिंकली, अकरा हरली. मग 5-7. मग 2023 ला 10-3. म्हणजे दोन वर्षं रडत-खडत काढल्यावर कुठे पदरात काहीतरी पडलं आणि हजाराहून जास्त मैलांवर एका म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठायचं ठरवलं म्हणून सहा दिवसांत सगळं विस्कटलं. नोआ फिफिता आणि टेटायरोआ मॅकमिलन, शाळेपासूनचे जोडीदार, एक क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, एक रिसीव्हर म्हणजे झेलणारा, ही दोन पोरं राहिली तिथेच, त्यांना बाहेर मागणी नव्हती असं समजू नका. पण पुढच्या वर्षी टीम 4-8. आणि ज्यांनी फिशला नेलं ते वॉशिंग्टन 14-1 वरून 6-7 वर. फिशला नेऊन त्यांचंही काही भलं झालं नाही लगेच.

आता ते 72 तास. 2021 पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहायची सक्ती गेली, त्याच वर्षी जाहिरातबिहिरातीचे पैसे घ्यायलाही परवानगी मिळाली. कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात, त्यात नाव टाकलं की बाकीच्या कॉलेजांना फोन करायला मोकळीक. पोर्टलच्या ठरलेल्या तारखा असतात पण हेड कोच गेला की त्या टीमच्या पोरांसाठी वेगळी खिडकी उघडायची, तेव्हा ती 30 दिवसांची होती. म्हणजे सेबनने मीटिंगमध्ये तोंड उघडलं त्या क्षणी अमेरिकेतल्या सगळ्यात भारी टीमच्या दाराची कडी निघाली. केलेब डाउन्स, फ्रेशमन सेफ्टी म्हणजे पहिल्या वर्षाचा बचावातला खेळाडू, गेला ओहायो स्टेटला. ज्युलियन सेयिन नावाचा क्वार्टरबॅक तर अ‍ॅलाबामात नुकताच पोचलेला, सामानसुद्धा नीट लागलं नसेल, तोही ओहायो स्टेटला, आणि 2025 ला तिथला स्टार्टर झाला.

मला आवडते ती केडिन प्रॉक्टरची गोष्ट. दीडशे किलोच्या वरचा ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला आडोसा देणारा, मूळचा आयोवाचा. शाळेत असताना आयोवाला येतो म्हणाला होता, शेवटच्या घटकेला अ‍ॅलाबामाला गेला. सेबन गेल्यावर पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि परत आयोवाला आला, घरी, गावात आनंदीआनंद. आणि मार्चमध्ये पुन्हा अ‍ॅलाबामाला! आयोवावाले काय बोलले असतील ते इथे नको. पण मी त्या पोराला दोष देत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या आयुष्यातला एकुलता एक स्थिर माणूस एका दुपारी उठून जातो, मग त्या पोराने तीन महिन्यांत दोनदा मन बदललं तर त्यालाच बेइमान म्हणायचं, आणि कोचने बदललं की त्याला करिअर म्हणायचं.

त्याच हिवाळ्यात दुसरी साखळी झाली ती याहून मजेशीर. जेफ हॅफली, बॉस्टन कॉलेजचा हेड कोच, हेड कोच बरं का, ती नोकरी सोडून ग्रीन बे पॅकर्स या प्रोफेशनल टीमचा डिफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे बचाव सांभाळणारा असिस्टंट, व्हायला गेला. म्हणजे स्वतःहून खालची पायरी. त्याच्या जागी बिल ओब्रायन आला, जो काही दिवसांपूर्वीच ओहायो स्टेटचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर झाला होता, हळद उतरायच्या आत निघाला. मग ओहायो स्टेटने कुणाला आणलं तर चिप केलीला, यूसीएलएचा चालू हेड कोच. यानेही पायरी सोडली. आणि गंमत म्हणजे ओहायो स्टेटचा हेड कोच रायन डे हा न्यू हॅम्पशायरला केलीच्या हाताखाली खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे गुरूने शिष्याकडे नोकरी धरली. एवढे शहाणेसुरते लोक हेड कोचची खुर्ची सोडून का जातात? कारण ती खुर्ची आता नुसत्या कोचिंगची राहिलेली नाही, बारा महिने पोरांना फोन, देणगीदारांना फोन, पोर्टल, पैसे गोळा करणं, आणि दर डिसेंबरात स्वतःचीच टीम परत एकदा पटवायची. केलीने वर्षभरात ओहायो स्टेटबरोबर नॅशनल टायटल जिंकलं. यूसीएलएने डीशॉन फॉस्टरला आणलं, त्यांचाच जुना रनिंग बॅक. त्याला 2025 च्या सप्टेंबरात तीन मॅच हरल्यावर नारळ. हे यूसीएलए लक्षात ठेवा, परत येणार आहे.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. जिंबो फिशर, टेक्सस ए अँड एम. 2017 ला दहा वर्षांचं साडेसात कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट, सगळं गॅरंटीड. 2021 ला वाढवून दिलं 2031 पर्यंत, कारण दुसरं कुणीतरी पळवेल ही भीती. नोव्हेंबर 2023 ला घालवला, 45-25 रेकॉर्डवर. काँट्रॅक्ट मध्येच तोडायची किंमत, म्हणजे बायआउट, 7 कोटी 60 लाख डॉलरच्या आसपास! त्यातले सुमारे 1 कोटी 94 लाख साठ दिवसांत रोख आणि उरलेले 2031 पर्यंत दर वर्षी सुमारे 72 लाख, आणि दुसरीकडे नोकरी धरली तरी एक पैसा कापायचा नाही. त्याच्याशेजारी हा आकडा ठेवा, 2025 मध्ये कोर्टाने सेटलमेंट मान्य केल्यावर कॉलेजं पहिल्यांदाच खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागली, त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. अख्ख्या कॉलेजच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या पोरापोरींना मिळून. फिशरने काम न करण्याचे त्याच्या साडेतीनपट घेतले. मी फिशरला नावं ठेवत नाही, सही करणाऱ्याने वाचूनच सही दिली होती.

लोक म्हणतात हाव, हाव आहेच, पण हाव काय 1950 मध्ये नव्हती का. माझं म्हणणं असं की खरा घोळ कॅलेंडरचा आहे. पूर्वी शाळेतली पोरं कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्या करारावर फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी सह्या करायची. मॅचेस नोव्हेंबरला संपणार, जुन्या कोचला डिसेंबरात काढा, जानेवारीत नवीन आणा, त्याला हातपाय हलवायला महिना मिळायचा. 2017 पासून डिसेंबरातली सही आली आणि बघता बघता बहुतेक सगळे डिसेंबरातच सह्या करायला लागले, 2024 ला ती आणखी अलीकडे ओढून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणली. म्हणजे नवीन कोच नोव्हेंबरअखेर पाहिजे, म्हणजे जुना ऑक्टोबरात काढायला पाहिजे. आणि त्याच 2024 पासून प्लेऑफ, म्हणजे नॅशनल टायटलसाठीच्या बाद फेऱ्या, बारा टीमचं झालं, म्हणजे चांगल्या टीम डिसेंबर-जानेवारी खेळतच असतात. चांगला कोच हवा असेल तर तो कुठे सापडणार? खेळत असलेल्या टीमकडे. झालं.

पेन स्टेट घ्या. 2025 सुरू झालं तेव्हा देशात दुसरा नंबर, आदल्या वर्षी प्लेऑफच्या सेमीफायनलला गेलेली टीम. ओरेगनकडून हरले, ठीक. मग 4 ऑक्टोबरला यूसीएलएकडून, हो तेच यूसीएलए, 0-4, हेड कोच काढलेला, हंगामी माणूस हाताशी, त्यांच्याकडून 42-37. पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्नकडून घरच्या मैदानावर एका पॉइंटने. रविवारी जेम्स फ्रँकलिनला नारळ. पेन स्टेटला 104 विजय, आणि बायआउट 4 कोटी 90 लाखांच्या घरात. एवढी घाई कशासाठी, तर लवकर काढलं की लवकर नवीन मिळेल. मिळाला का? शोध चालूच राहिला, डिसेंबरात सह्यांचा दिवस आला आणि शाळेतल्या मोजून दोन पोरांनी सह्या केल्या. फ्रँकलिन तोवर व्हर्जिनिया टेकला बसलेला आणि पेन स्टेटला येणार म्हणालेली बरीच पोरं त्याच्या मागोमाग तिकडे. (त्याने नवीन नोकरी धरल्यावर पेन स्टेटशी तडजोड केली, 90 लाखांवर, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.) शेवटी मॅट कॅम्पबेल आला आयोवा स्टेटहून, त्याच्या जागी वॉशिंग्टन स्टेटचा जिमी रॉजर्स, जो तिथे जेमतेम एक सीझन टिकला होता. साखळी परत सुरू.

एलएसयूने ब्रायन केलीला 26 ऑक्टोबरला काढलं, बायआउट 5 कोटी 40 लाखांच्या आसपास. तिथे तर लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री स्वतः मैदानात उतरले, जाहीर म्हणाले की नवीन कोच आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर निवडणार नाहीत. ते डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड, 2017 ला फिशरला टेक्ससमध्ये आणणारे तेच, लगोलग पायउतार झाले. आणि एवढं बोलून नवीन कोचला काँट्रॅक्ट दिलं सात वर्षांचं, वर्षाला सुमारे 1 कोटी 30 लाखांचं. हसू नका, खरं आहे.

तो नवीन कोच म्हणजे लेन किफिन. तोवर ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीचा कोच, टीम 11-1, प्लेऑफ नक्की झालेलं, तिथल्या इतिहासातला असा सीझन कित्येकांनी पाहिला नसेल. किफिनची इच्छा होती की एलएसयूची नोकरीही घेतो आणि प्लेऑफही मीच खेळवतो. ओल मिसचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कीथ कार्टर म्हणाले नाही, जायचं तर जा. 30 नोव्हेंबरला तो ऑक्सफर्डच्या, म्हणजे ओल मिसच्या गावच्या, छोट्याशा विमानतळावरून निघाला तेव्हा कुंपणाला लोक चिकटून उभे, बोटं दाखवतायत, शिव्या घालतायत. (हल्ली अर्धी पब्लिक विमानांचे नंबर ट्रॅक करत बसते, कुठल्या बूस्टरचं म्हणजे बड्या देणगीदाराचं विमान कुठे उतरलं त्यावरून कोण कोच होणार याच्या पैजा.)

मग 20 डिसेंबरला प्लेऑफच्या पहिल्या फेरीची मॅच, ओल मिस विरुद्ध टुलेन. नीट बघा हं कोण कुठे उभं आहे. टुलेनचा कोच जॉन समरॉल आधीच फ्लोरिडाचा हेड कोच झालेला, पण टुलेनने त्याला सांगितलं की हे संपवून जा, म्हणून तो साइडलाइनवर. समोर ओल मिस, ज्यांनी आपल्या कोचला संपवू दिलं नाही, त्यांचा डिफेन्स कोऑर्डिनेटर पीट गोल्डिंग आता हेड कोच. आणि ऑफेन्स चालवणारा चार्ली वाइस ज्युनियर किफिनबरोबर एलएसयूला जाणार हे ठरलेलं, तरी तो इथे प्ले कॉल करतोय, म्हणजे पुढची चाल ठरवतोय. ओल मिस 41-10 जिंकलं.

किफिनला थांबू द्यायला हवं होतं का? मला विचाराल तर नाही. एलएसयू आणि ओल मिस एकाच कॉन्फरन्समध्ये म्हणजे एकाच गटात, दर वर्षी भिडणारे, आणि तो रोज ज्या पोरांना मीटिंगमध्ये भेटणार त्यांनाच महिन्याभराने तिकडे येतोस का विचारणार. समरॉलचं वेगळं, फ्लोरिडा आणि टुलेन एकमेकांच्या ताटात जेवत नाहीत.

असिस्टंट लोकांबद्दल कुणी बोलत नाही. हेड कोचला काढलं की कोट्यवधी घेऊन घरी, त्याच्या हाताखालचे दहा-बारा कोच, अ‍ॅनालिस्ट, ट्रेनर, त्यांना नवीन साहेब ठेवेलच असं नाही, आणि त्यांची मुलं त्याच गावातल्या शाळेत, अर्धं वर्ष झालेलं. बरेचसे बापडे आधी एकटे नव्या गावी जातात, हॉटेलात राहतात, मे-जूनमध्ये बिऱ्हाड हलवतात.

आता 2026 पासून पोर्टलची एकच खिडकी केलीय, 2 ते 16 जानेवारी, वसंतातली बंद. कोच गेल्यावरची 30 दिवसांची सवलतही कमी करून पंधरावर आणली आणि ती नवीन कोच ठरल्यानंतर सुरू होते, म्हणजे बर्नसारख्या डायरेक्टरला आता 72 तासांची भीक मागावी लागणार नाही. चांगलं झालं. शाळेतल्या पोरांच्या सह्या मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ठेवल्यात, त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरात रविवारी सकाळी बातम्या बघा, दोन-तीन नावं असतीलच.

चला, प्रश्न घेऊया.